टावीसाठी नवा प्रेशर मॉनिटर: रुग्णाला जोडण्याआधी आणि जोडल्यावर तो कसा तपासायचा

टावी म्हणजे छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नेलेल्या कॅथेटरने महाधमनीची झडप बसवणं. या झडपेच्या कामात मॉनिटरवरचा आकडा एकटा क्वचितच वापरला जातो. डाव्या जवनिकेतला, म्हणजे एलव्हीतला (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातला) दाब एका चॅनेलवर असतो, महाधमनीतला दुसऱ्यावर, आणि निर्णय होतो तो त्या दोघांच्या वजाबाकीवर. वजाबाकीत दोन्हीकडच्या चुका एकत्र येतात. नवा मॉनिटर तपासताना हीच गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते.

एक हिशेब मांडून पाहा. मांडीच्या धमनीतून नवी झडप बसली आहे. महाधमनीत दाब १४०/६०, आणि एलव्हीचा डायास्टोल संपतानाचा दाब, म्हणजे एलव्हीईडीपी, २०. झडपेतून रक्त किती मागे गळतं याचा अंदाज देणारा एआर इंडेक्स काढायचा तर ६० मधून २० वजा करायचे, १४० ने भागायचं आणि १०० ने गुणायचं. उत्तर २८.६. जर्मनीतल्या बॉनच्या गटाने २०१२ मध्ये हा निर्देशांक मांडला. २५ च्या खाली असलेल्या रुग्णांचा वर्षभरातला मृत्युदर त्यांना जास्त आढळला. २८.६ पाहून टीम समाधानाने पुढे जाते.

आता महाधमनीचा ट्रान्सड्यूसर (दाबाचा विद्युत संकेत करणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीपेक्षा ४ सेंमी वर बसलाय आणि एलव्हीचा ४ सेंमी खाली, असं धरा. पाण्याच्या स्तंभाचा १ सेंमी म्हणजे ०.७४ मिमी पारा. वरचा ट्रान्सड्यूसर ३ ने कमी दाखवणार, खालचा ३ ने जास्त. मॉनिटरवर १३७/५७ आणि एलव्हीईडीपी २३ दिसेल. निर्देशांक २४.८. आता तीच टीम झडपेच्या कडेने गळती आहे का, पुन्हा फुगा फुगवायचा का, यावर बोलू लागते. रुग्ण तोच आणि झडपही तीच.

प्रत्यक्ष दाब मोजणाऱ्या उपकरणांसाठीचं मानक, आयईसी ६०६०१-२-३४, ४ मिमी पारा किंवा ४ टक्के यांपैकी जे मोठं असेल तेवढी चूक चालवून घेतं. म्हणजे प्रमाणपत्रात पास झालेली दोन चॅनेल एकमेकांपासून ६ ने लांब असू शकतात. म्हणून या कामासाठीची चाचणी ‘आकडा बरोबर आहे का’ इथे संपवू नका. दोन चॅनेल एकमेकांशी जुळतात का, आणि झडप बसवताना विजेच्या स्पंदांनी हृदय मुद्दाम वेगाने चालवतात त्या पेसिंगच्या २०–३० सेकंदांतही जुळलेली राहतात का, इथपर्यंत जायला हवं.

पुढचं लिखाण बायोमेडिकल इंजिनिअर आणि कॅथलॅब टेक्निशियन यांच्यासाठी आहे. उपकरण दोन प्रकारचं धरलंय: नेहमीच्या डिस्पोजेबल ट्रान्सड्यूसरवर चालणारा मल्टीचॅनेल मॉनिटर, आणि टोकाला प्रेशर सेन्सर असलेली गाइडवायर.

टेबलावर काय काय लागेल

- पेशंट सिम्युलेटर, ज्यात ईसीजी, पेसिंग आणि किमान दोन इनव्हेजिव्ह प्रेशर चॅनेल आहेत. कॅलिब्रेशनची मुदत उलटलेली नसावी
- डिजिटल मॅनोमीटर किंवा प्रेशर कॅलिब्रेटर, हातपंपासह
- त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे किमान सहा ट्रान्सड्यूसर. एकावर निष्कर्ष काढू नका
- कॅथलॅबमध्ये रोज वापरता त्याच लांबीच्या प्रेशर लाइन, ५ आणि ६ फ्रेंच (जाडीचं माप) पिगटेल, म्हणजे टोक गोल वळलेलं कॅथेटर, शीथ (कॅथेटर आत घालायला धमनीत बसवलेली नळी), तीन-तोंडी स्टॉपकॉक
- ५०० मिली सलाईन, प्रेशर बॅग, १ मिलीची सिरिंज
- ३७ अंशांवर स्थिर राहणारा वॉटर बाथ, उंच पारदर्शक नळी आणि स्टीलची पट्टी
- लीकेज करंट मोजणारा सेफ्टी ॲनालायझर
- स्टॉपवॉच

चाचणीत वापरलेल्या प्रत्येक ट्रान्सड्यूसरवर आणि लाइनवर जाड पेनने ‘फक्त चाचणीसाठी’ लिहा आणि काम झाल्यावर टाकून द्या. बेंचवरचा ट्रान्सड्यूसर चुकून ट्रॉलीवर जाणं ही कल्पनेतली भीती नाही. सगळी पाकिटं बाहेरून सारखीच दिसतात.

वीजसुरक्षा आधी, बाकी नंतर

हृदयाच्या आत पोहोचणारा भाग सीएफ प्रकारचाच, म्हणजे वीजसुरक्षेच्या सर्वांत कडक वर्गातला हवा. आयईसी ६०६०१-१ नुसार सीएफसाठी पेशंट लीकेज करंटची मर्यादा सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एखादा दोष असताना, उदाहरणार्थ अर्थिंग तुटलेलं असताना, ५० मायक्रोअँपिअर आहे. मॉनिटर एकटा तपासून थांबू नका. तो कॅथलॅबमध्ये ज्या प्रिंटरला, रेकॉर्डरला आणि नेटवर्कला जोडला जाणार, ते सगळं जोडून पुन्हा मोजा. एकट्याने पास होणारा मॉनिटर दुसऱ्या यंत्राच्या अर्थिंगमधून नापास होऊ शकतो.

स्थिर दाब: चूक कोणाबरोबर जाते ते शोधा

सिम्युलेटर ट्रान्सड्यूसरची नक्कल करतो: दर व्होल्टला, दर मिमी पाऱ्याला ५ मायक्रोव्होल्ट. त्यामुळे त्याने फक्त मॉनिटर आणि केबल तपासली जाते. दोन्ही चॅनेलवर ०, २०, ६०, १००, २०० असे दाब एकाच वेळी द्या आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. २० चा टप्पा गाळू नका. एलव्हीईडीपी तिथेच असतो, आणि २०० ला मस्त जुळणारा मॉनिटर २० ला २ ने चुकत असेल तर आपल्या कामात ती १० टक्क्यांची चूक आहे.

मग खरे ट्रान्सड्यूसर घ्या. दोन ट्रान्सड्यूसर एका स्टॉपकॉकने कॅलिब्रेटरला जोडा, म्हणजे दोघांवर तोच दाब येईल. हवा उघडी ठेवून झीरो करा, दाब टप्प्याटप्प्याने २०० पर्यंत चढवा आणि तसाच उतरवा. चढताना आणि उतरताना वेगळा आकडा आला तर ट्रान्सड्यूसरच्या पडद्याचा किंवा जोडणीतल्या गळतीचा संशय घ्या. दोन चॅनेलमधला फरक प्रत्येक टप्प्यावर १ मिमी पाऱ्याच्या आत राहावा, अशी मर्यादा या कामासाठी ठेवा. मानकापेक्षा ती कडक आहे. कारण वर मांडलेल्या हिशेबातच आहे.

फरक आला तर लगेच मॉनिटरला दोष देऊ नका. आधी केबलींची अदलाबदल करा, मग ट्रान्सड्यूसरची. चूक ट्रान्सड्यूसरबरोबर फिरली तर तो वाईट. केबलबरोबर फिरली तर कनेक्टरच्या पिना पाहा. कशानेच हलली नाही आणि त्याच चॅनेलवर राहिली, तर दोष मॉनिटरच्या आत आहे.

झीरो किती वेळ टिकतो, तेही इथेच पाहा. झीरो केल्यावर १५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि ८ तासांनी पुन्हा हवा उघडून आकडा लिहा. आता एका चाचणीत कनेक्टरवर मुद्दाम सलाईनचे दोन-तीन थेंब सोडा. कॅथलॅबमध्ये ट्रान्सड्यूसरचा कनेक्टर टेबलाच्या कडेला लोंबत असतो, वरून फ्लशचं पाणी केबलीवरून ओघळत बरोबर त्या जोडावर येऊन थांबतं, आणि मग झीरो हळूहळू सरकू लागतो. पिना ओल्या झाल्यावर नवा मॉनिटर स्पष्ट बिघाड दाखवतो, की मुकाट्याने ५ ने चुकीचा आकडा दाखवत राहतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. ओल्या कनेक्टरची चाचणी मॉनिटरच्या निर्मात्याला विचारून आणि सुट्या केबलीवर करा.

फ्लश चाचणी: इथे घाई करू नका

सिम्युलेटरला पाणी नसतं. खऱ्या लाइनमध्ये सलाईनचा स्तंभ हलतो, नळी किंचित फुगते, आणि सगळी व्यवस्था स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी वागते. तिची स्वतःची एक वारंवारिता असते आणि थरथर शमवण्याची एक क्षमता असते, म्हणजे डॅम्पिंग. नवा मॉनिटर कितीही चांगला असला तरी या दोन गोष्टी बिघडल्या तर पडद्यावर येणारी लाट खोटीच असते.

सुरुवात मॉनिटरच्या फिल्टरपासून करा. बऱ्याच मॉनिटरांवर प्रेशर चॅनेलचा फिल्टर १२ हर्ट्झला लावून येतो. तो लाटेची थरथर पुसून टाकतो, त्यामुळे वाईट लाइनही सुंदर दिसते. चाचणीपुरता तो ४० हर्ट्झवर न्या, आणि मूळ सेटिंग काय होतं ते लिहून ठेवा.

लाइन भरताना सलाईनच्या पिशवीतली सगळी हवा आधी काढून टाका. लाइन पिशवीच्या उंचीने, सावकाश भरा. प्रेशर बॅग नंतर ३०० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवा. फुगवलेल्या बॅगेने जोरात भरलं की स्टॉपकॉकच्या कोपऱ्यांत बारीक बुडबुडे अडकतात. स्टॉपकॉकची आडवी तोंडं, ट्रान्सड्यूसरचा घुमट आणि लाइनचे जोड या तीन जागा बोटाने टकटक करून पाहा. फ्लश डिव्हाइसमधून ताशी साधारण ३ मिली जात राहतं.

पूर्ण साखळी जोडा: पिगटेल, लाइन, स्टॉपकॉक, ट्रान्सड्यूसर, मॉनिटर. फ्लशची शेपटी ओढून एकदम सोडा. लाट वर चौकोनी होते, सोडल्यावर खाली कोसळते आणि एक-दोन झोके घेऊन थांबते. कागद २५ मिमी प्रति सेकंद वेगाने छापा. झोक्यांच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर मिमीत मोजा आणि २५ ला त्याने भागा. अंतर २ मिमी असेल तर वारंवारिता १२.५ हर्ट्झ. अंतर इतकं लहान असतं की अर्ध्या मिमीची चूक मोठा फरक करते, म्हणून मॉनिटर देत असेल तर ५० चा वेग घ्या आणि ५० ला भागा.

डॅम्पिंगसाठी लागोपाठच्या दोन झोक्यांची उंची मोजा, म्हणजे शिखर ते दरी आणि मग दरी ते पुढचं शिखर. दुसरी उंची पहिलीने भागा. गुणोत्तर ०.१ आलं तर डॅम्पिंग गुणांक ०.५९, ०.२ आलं तर ०.४६, ०.३ ला ०.३६ आणि ०.५ ला ०.२२. पहिला झोका ८ मिमी आणि दुसरा २ मिमी असेल तर गुणोत्तर ०.२५ आणि गुणांक सुमारे ०.४. प्रत्येक जोडणीवर तीन वेळा करा आणि सर्वांत वाईट निकाल धरा.

निकाल असा वाचा. वारंवारिता ७.५ हर्ट्झच्या खाली असेल तर ती लाइन कुठल्याही डॅम्पिंगला वापरू नये. गुणांक ०.६ ते ०.७ च्या आसपास असेल तर उत्तम. गुणांक फार कमी असेल तर सिस्टोलिक खोटा वर जातो, डायास्टोलिक खाली, आणि मधला खाच-भाग उगाच टोकदार दिसतो. गुणांक फार जास्त असेल तर उलट होतं: लाट गोल, सिस्टोलिक कमी, डायास्टोलिक जास्त. सरासरी दाब दोन्ही वेळा जवळपास खरा राहतो, म्हणूनच केवळ सरासरी जुळली म्हणून समाधान मानू नका.

आता एक प्रयोग, जो प्रत्येक नव्या टेक्निशियनने स्वतःच्या हाताने करावा. १ मिलीच्या सिरिंजने स्टॉपकॉकमध्ये ०.१ मिली हवा सोडा आणि फ्लश पुन्हा करा. झोक्यांमधलं अंतर डोळ्यादेखत वाढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एवढासा बुडबुडा लाइनमध्ये मऊ गादीसारखा बसतो. हे फक्त बेंचवर. रुग्णाच्या महाधमनीला जोडलेल्या लाइनमधला बुडबुडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

सगळं झाल्यावर तीच चाचणी शीथच्या बाजूच्या तोंडावरून, आत पिगटेल घातलेलं असताना करा. शीथ आणि कॅथेटर यांच्यामधली जागा अरुंद होते, डॅम्पिंग वाढतं, आणि महाधमनीचा दाब तिथून घेतला तर ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक, फुगतो किंवा आक्रसतो. बऱ्याच लॅबमध्ये दुसरं कॅथेटर वाचवायला हाच मार्ग वापरतात, म्हणून तो तपासणं भागच आहे.

१८० चं पेसिंग: खरी परीक्षा

फुग्याने उघडणारी झडप बसवताना हृदय मिनिटाला १८० ते २२० च्या वेगाने पेस केलं जातं, म्हणजे झडपेतून रक्ताचा जोर थांबतो आणि ती सरकत नाही. सिस्टोलिक ५०–६० च्या खाली आणणं हा हेतू असतो. मॉनिटरसाठी हा सगळ्यात वाईट काळ.

आधी गणित. ७२ चा वेग म्हणजे १.२ हर्ट्झ. लाटेचा आकार नीट उमटायला तिच्या मूळ वारंवारितेच्या सहा ते दहापट पर्यंतचे घटक लागतात, म्हणजे १२ हर्ट्झच्या आत काम भागतं. १८० चा वेग म्हणजे ३ हर्ट्झ, आणि लागणारी मर्यादा १८ ते ३०. शांत रुग्णावर सुरेख दिसणारी १२ हर्ट्झची लाइन इथे मागे पडते. १२ चा फिल्टर चालू राहिला असेल तर आणखीच.

पहिली चाचणी आकड्याच्या आळशीपणाची. मॉनिटरवरची लाट तत्काळ दिसते, पण शेजारचा आकडा अनेक सेकंदांची किंवा ठोक्यांची सरासरी असतो. सिम्युलेटरवर १२०/८० ठेवा, एकदम ५०/३५ वर आणा आणि लाट पडल्यापासून आकडा ५ च्या फरकाने पोहोचेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने मोजा. पाच वेळा करा, सर्वांत जास्त वेळ लिहा. उलट दिशेनेही करा, कारण पेसिंग थांबल्यावर दाब परत आला का हे टीमला ताबडतोब कळायला हवं. जो वेळ येईल तो मॉनिटरच्या चौकटीवर चिकटवा: ‘आकडा इतके सेकंद मागे’. पेसिंगच्या वेळी लाट बघायची, आकडा नाही, ही सवय त्या चिठ्ठीने लागते.

दुसरी चाचणी जास्त गंभीर. सिम्युलेटरवर १८० चं पेसिंग लावा, प्रत्येक स्पाइकमागे (पेसिंगच्या विद्युत स्पंदामागे) ठोका येईल असं. हृदयगती १८० आणि धमनीवरून मोजलेली नाडीही १८० दिसली पाहिजे. आता स्पाइक तसेच ठेवून ठोके बंद करा, म्हणजे पेसिंग चालू आहे पण हृदय पकडत नाही अशी स्थिती. मॉनिटरने हृदयगती शून्य दाखवून तातडीचा अलार्म दिला पाहिजे. तो स्पाइकनाच ठोके समजून १८० दाखवत राहिला, तर बंद पडलेल्या हृदयाचा रुग्ण पडद्यावर ठीक दिसेल. ईसीजी मॉनिटरच्या आयईसी ६०६०१-२-२७ या मानकात पेस स्पाइकचा पल्ला २ ते ७०० मिलिव्होल्ट आणि ०.१ ते २ मिलिसेकंद असा दिलाय. या दोन्ही टोकांना आणि मधल्या दोन-तीन ठिकाणी तपासा. पेस डिटेक्शन मुळात बंद असेल तर ते चालू करून पुन्हा करा. हृदयगतीचा स्रोत धमनीकडे वळवणं हा उपाय आहे, पण त्यालाही मर्यादा आहे: पेसिंगमध्ये सिस्टोलिक आणि डायास्टोलिकमधला फरक २० च्या खाली जातो तेव्हा काही मॉनिटर नाडी मोजणंच सोडून देतात. सिम्युलेटरवर ५०/४० देऊन बघा.

तिसरी, अलार्मची. पेसिंगआधी कोणीतरी अलार्म थांबवतो. मॉनिटर तो दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत सुरू करतो की कायमचा बंद ठेवतो? कायमचा बंद ठेवणारा पर्याय सेटिंगमध्ये असेल तर तो पासवर्डमागे टाका.

सेन्सर असलेली गाइडवायर

टोकाशी ऑप्टिकल सेन्सर असलेल्या वायरींमध्ये पाण्याचा स्तंभ नसतो, त्यामुळे फ्लशचा बराचसा त्रास वाचतो. कॅनडाच्या ऑपसेन्सने आणलेली सॅव्हीवायर याच प्रकारची. २०२२ मध्ये तिला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली, आणि तीच वायर एलव्हीत पेसिंगलाही वापरता येते. अशा वायरीचे प्रश्न वेगळे असतात.

वायर सांगितलेला वेळ सलाईनमध्ये भिजवा आणि मग झीरो करा. कोरडी झीरो केली की पुढे आकडा सरकतो. ३७ अंशांच्या पाण्याने भरलेल्या उभ्या नळीत सेन्सर पृष्ठभागाच्या पातळीला आणा, आकडा लिहा, मग बरोबर १३.६ सेंमी खाली सोडा. १० मिमी पारा वाढ दिसायला हवी. ६८ सेंमीवर ५०. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक चाचणी आहे. पट्टीला कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र क्वचितच लागतं. खोलीच्या तापमानाला झीरो करून मग ३७ अंशांत बुडवल्यावर आकडा किती सरकतो तेही लिहा, कारण प्रत्यक्षात तसंच घडतं.

पुढे वायरीचं वळण. एलव्हीत टोक गोल वळून बसतं. स्थिर दाबाच्या पाण्यात ते वळण मऊ सिलिकॉनला किंवा स्पंजला टेकवा, थोडं दाबा, आणि दाब न बदलता आकडा उडी मारतो का पाहा. भिंतीला टेकलेला सेन्सर दाबाबरोबर भिंतीचा धक्काही मोजतो. मग सलाईनमध्ये वायरीतून नियोजित पेसिंग करंट १८० च्या वेगाने सोडा. लाटेवर दर स्पाइकला काटा उमटत असेल तर एलव्हीईडीपी शोधणारं सॉफ्टवेअर तो काटाच पकडू शकतं.

एलव्हीचा दाब वायरीवरून आणि महाधमनीचा पाण्याच्या लाइनवरून घेतला की दुसरा थोडा उशिरा पोहोचतो. मग चढत्या भागात दोन लाटांमध्ये नसलेली फट दिसते आणि ती ग्रेडियंटमध्ये मोजली जाते. हा उशीर मोजायला जुनी युक्ती कामी येते. एका छोट्या भांड्याच्या तोंडावर हातमोज्याचं रबर ताणून बांधा, दोन्ही सेन्सर आत पाण्यात ठेवा, पंपाने दाब १०० च्या आसपास न्या आणि रबर सुईने फोडा. दाब क्षणात शून्यावर येतो. कागदावर दोन रेषा कोसळतात त्यांमधलं अंतर म्हणजे उशीर. सॉफ्टवेअर तो स्वतःहून जुळवत असेल तर किती मिलिसेकंद सरकवतं ते निर्मात्याकडून लेखी घ्या आणि या अंतराशी ताडून पाहा.

पल्स डुप्लिकेटर असेल तर

कृत्रिम रक्ताभिसरणाचं हे यंत्र मिळत असेल तर झडपांच्या आयएसओ ५८४० मानकातली स्थिती लावा: मिनिटाला ७० ठोके, ५ लिटर प्रवाह, महाधमनीत सरासरी १०० मिमी पारा, सिस्टोलचा वाटा ३५ टक्के. रक्तासारखा दाटपणा आणायला ग्लिसरीन-पाणी वापरत असाल तर एक जपा. त्या मिश्रणाची घनता पाण्यापेक्षा सुमारे १० टक्क्यांपर्यंत जास्त असते, म्हणजे १३.६ सेंमीचा हिशेब इथे चालत नाही. अरुंद झडप लावून सरासरी ग्रेडियंट ४० च्या आसपास आणा, कारण गंभीर अरुंदपणाची रेषा तिथेच आहे, आणि नव्या-जुन्या दोन्ही मॉनिटरांवर नोंद करा.

छाती उघडून झडप बदलताना

बायपासवर, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर, प्रवाह सलग असतो, नाडी नसते. सिम्युलेटरवर सपाट ६० द्या: मॉनिटरने सरासरी ठळक दाखवत राहिलं पाहिजे, ‘नाडी नाही’ म्हणून आकडा काढून टाकता कामा नये. कॉटरी (विजेने ऊती कापणारं-जाळणारं उपकरण) चालू असताना ईसीजी आणि दाब दोन्ही किती वेळ विस्कटतात, आणि थांबल्यावर किती सेकंदांत सावरतात, ते मोजा. बायपासमधून बाहेर येताना मनगटातला दाब महाधमनीपेक्षा बराच कमी दिसू शकतो. तो मॉनिटरचा दोष म्हणून नोंदवू नका.

रुग्णावर, पण सावलीत

उपकरणाला भारतात अजून परवाना नसेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे एमडी-२२ अर्ज करून एमडी-२३ परवानगी, नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदणी, हे पहिल्या रुग्णाआधी. परवाना असलेल्या उपकरणाची तुलना करायची असली तरी समितीकडे जा. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत हवं, आणि त्यात साध्या शब्दांत लिहा: नवं यंत्र फक्त नोंद घेणार आहे, तुमचा उपचार नेहमीच्या यंत्रावरच ठरेल.

हे वाक्य खरं ठरवायची जबाबदारी आपली. नव्या मॉनिटरचा पडदा ऑपरेटरकडे पाठ करून ठेवा. सगळे निर्णय जुन्या मॉनिटरवर. नव्यावर काही धोक्याचं दिसलं आणि जुन्यावर नाही, तर कोण बोलणार आणि काय बोलणार, हे केसच्या आधी ठरवा.

जोडणीत दोन चुका वारंवार होतात. एक, एकच ट्रान्सड्यूसर वाय-केबलने दोन मॉनिटरांना जोडणं. दोन्ही मॉनिटर त्याला आपापलं व्होल्टेज देतात आणि दोघांचेही आकडे बिघडतात. जुन्या मॉनिटरचं ॲनालॉग आउटपुट नव्याने वाचता येत असेल तर तो मार्ग घ्या. दोन, लाइनला टी लावून दुसरा ट्रान्सड्यूसर जोडणं. हे करता येतं, पण दोन्ही लाइन मऊ होतात, म्हणून टी लावल्यावर फ्लश चाचणी पुन्हा करा. रुग्णाची नेहमीची लाइन त्याने बिघडत असेल तर टी काढा. चाचणीसाठी रुग्णाचं मोजमाप खराब करायचं नसतं.

केसमधला क्रम असा ठेवा:

१. सगळ्या घड्याळांची वेळ जुळवा: नवा मॉनिटर, जुना मॉनिटर, फ्लोरोस्कोपी, एको. दोन मिनिटांचा फरक असेल तर नंतर कोणती लाट कोणत्या क्षणाची हे सापडत नाही.

२. दोन्ही ट्रान्सड्यूसर चौथ्या बरगडी-अंतराशी, छातीच्या मध्य-कक्षारेषेवर, एकाच पट्टीवर बसवा आणि एकत्र झीरो करा. टेबल वर-खाली झालं की पुन्हा.

३. झडप ओलांडण्याआधी दोन्ही कॅथेटर महाधमनीत असताना लाटा एकमेकींवर ठेवा. त्या एकरूप दिसायला हव्यात. २ पेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. पातळी, बुडबुडा आणि कनेक्टर या क्रमाने शोधा.

४. एलव्ही आणि महाधमनी एकत्र, किमान दहा ठोके. अनियमित लय असेल तर जास्त.

५. पेसिंग सुरू, फुगा वर, फुगा खाली, पेसिंग बंद: या चारही क्षणांना बटण दाबून खूण करा.

६. झडप बसल्यावर लगेच, आणि दाब स्थिरावल्यावर पुन्हा. नवा डावा बंडल ब्लॉक किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाला अडथळा) आला तर नव्या मॉनिटरने तो केव्हा ओळखला तेही लिहा.

७. कॅथेटर काढण्याआधी तिसरी पायरी पुन्हा. सेन्सर-वायर असेल तर महाधमनीत ओढून जुळवणी पाहा.

एकोशी तुलना करताना सरासरी ग्रेडियंटच घ्या. एको देतो तो शिखरावरचा क्षणिक ग्रेडियंट, कॅथेटरवर वाचतात तो शिखर-ते-शिखर. ते दोन आकडे वेगळ्या गोष्टींचे आहेत आणि मॉनिटर कितीही चांगला असला तरी जुळणार नाहीत. मांडीच्या शीथवरचा दाब महाधमनीऐवजी वापरला तर सिस्टोलिक मुळातच थोडा उंच आणि उशिरा येतो, म्हणून शिखर-ते-शिखर ग्रेडियंट कमी दिसतो.

आकडे मांडताना

नव्या आणि जुन्या मॉनिटरचा सहसंबंध ०.९९ आला, हे वाक्य अहवालात कितीही देखणं दिसलं तरी त्यावर खरेदी करू नका. ६० ते २०० एवढ्या पसरलेल्या आकड्यांत ८ ने सतत चुकणारा मॉनिटरही तेवढा सहसंबंध देतो. प्रत्येक जोडीतला फरक काढा, त्याची सरासरी आणि मानक विचलन घ्या, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ पट विचलन मांडा. ब्लँड आणि ऑल्टमन यांची ही पद्धत १९८६ पासून याच कामासाठी आहे. सिस्टोलिक, डायास्टोलिक, एलव्हीईडीपी आणि सरासरी ग्रेडियंट हे चार वेगळे आलेख करा, आणि पेसिंगमधले आकडे शांत काळातल्यांत मिसळू नका. एका रुग्णाच्या दहा नोंदी म्हणजे दहा रुग्ण नव्हेत. हाताच्या कफवाल्या यंत्रांसाठीची ५ आणि ८ मिमी पाऱ्याची मर्यादा इथे उसनी आणू नका; २५ आणि २८.६ यांमध्ये निर्णय करायचा असताना ती फारच सैल आहे.

ज्या केसमध्ये शेवटची जुळवणी २ पेक्षा जास्त चुकली, त्या केसचे आकडे आलेखातून काढू नका, वेगळ्या रंगाने तिथेच ठेवा आणि शेजारी कारण लिहा: ओला कनेक्टर, सरकलेली पट्टी, लाइनमधली गुठळी. कारण सापडलं नसेल तर ‘कारण सापडलं नाही’ असं लिहा, आणि तो मॉनिटर पुन्हा बेंचवर घ्या.